बंडाबर्गची बाटली

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात बर्नेट नदीच्या काठी बंडाबर्ग नावाचे शहर आहे. ऊस, साखर आणि रम यांसाठी ते ओळखले जाते. 27 जानेवारी 1928 हा शुक्रवार होता आणि तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा होता. घटसर्पाने मुले दगावत, म्हणून तिथल्या नगरपालिकेने लसीकरणाची मोहीम हाती घेतली होती. त्या दिवशी आरोग्य अधिकारी डॉ. यूइंग थॉमसन यांनी 21 मुलांना लस टोचली. संध्याकाळपासून एकेका घरातून बोलावणी येऊ लागली. उलट्या, जुलाब, फणफणता ताप, झटके आणि मग हरपलेली शुद्ध. 21 पैकी 18 मुले आजारी पडली आणि दोन दिवसांत त्यांतली 12 गेली. एका घरातले तर तीन भाऊ गेले.

ही लस मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये, म्हणजे सरकारी कारखान्यातच तयार झालेली होती. त्यामुळे पहिले बोट तिकडेच वळले. त्या काळची घटसर्पाची लस म्हणजे विष आणि प्रतिविष यांचे मोजूनमापून केलेले मिश्रण असे. प्रतिविष कमी पडले तर सुटे राहिलेले विष मुलाच्या अंगात जाणार. अमेरिकेत डॅलसला 1919 मध्ये आणि ऑस्ट्रियात बाडेनला 1925 मध्ये नेमके हेच होऊन मुले दगावली होती. साहजिकच बंडाबर्गलाही तेच घडले असावे, असे सगळ्यांना वाटले.

पंतप्रधान स्टॅन्ली ब्रूस यांच्या सरकारने ताबडतोब चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेचे संचालक चार्ल्स केलवे. पीटर मॅकॅलम आणि टेबट हे दोघे विकृतिशास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला होते. आयोगात वकिलांऐवजी प्रयोगशाळेत हात काळे केलेली माणसे होती, हे त्या चौकशीचे भाग्य म्हणायचे. विषाचा संशय त्यांना फार काळ टिकवता आला नाही, कारण त्याच बाटलीतून 17, 20, 21 आणि 24 जानेवारीलाही मुलांना लस टोचली होती आणि त्यांतल्या कोणाला काहीच झाले नव्हते. मिश्रणातच विष सुटे असते तर पहिल्याच दिवशी घात झाला असता. म्हणजे 17 ते 27 जानेवारीच्या दरम्यान त्या बाटलीत काहीतरी घडले होते.

बाटलीला रबरी बूच होते. दर वेळी त्यातून सुई आत जाई, औषध ओढून घेतले जाई आणि उरलेली बाटली पुढच्या खेपेसाठी कपाटात ठेवली जाई. दिवस कडक उन्हाळ्याचे आणि कपाट बर्फाचे नव्हते. औषधात जंतुनाशकाचा थेंबही नव्हता. बाटलीच्या तळाशी उरलेला द्रव मेलबर्नला पोहोचला, त्याचे कल्चर लावले, आणि त्यात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू भरभरून उगवला.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि इथेच संपवली जाते. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढची वाटते. बाटलीत जंतू सापडला, पण त्यानेच मुलांना मारले हे कशावरून? हा जंतू काही कॉलऱ्याच्या जंतूसारखा आगंतुक नाही. त्याचे पांढरे भाऊबंद आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर असतात आणि त्याची घातक सोनेरी जात धडधाकट माणसांपैकी साधारण तिसऱ्या माणसाच्या नाकात सुखाने नांदते. सुई, बोट, बूच, हवा यांपैकी कुठूनही तो बाटलीत आला असेल. कदाचित मृत्यूंनंतरच्या धावपळीतही आला असेल. जो सगळीकडेच असतो, तो गुन्ह्याच्या जागी सापडला याला पुरावा म्हणत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ओळखण्याचा सगळा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो.

त्यासाठी थोडे मागे, स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला जायला हवे. अलेक्झांडर ऑग्स्टन हे तिथल्या रॉयल इन्फर्मरीतले शल्यविशारद. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे त्या काळी इतके नेहमीचे होते की, घट्ट पांढरा पू दिसला तर डॉक्टर ते चांगले लक्षण समजत. ब्रिटिश शल्यविशारद लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा वापर सुरू केल्यावर जखमा स्वच्छ भरू लागल्या आणि ऑग्स्टनना प्रश्न पडला की, मग हा पू होतो तरी कशाने? बाहेरच्या हवेचा वाराही न लागलेले, अजून न फुटलेले गळू त्यांनी नीट काळजी घेऊन कापले, त्यातल्या पुवाला अॅनिलीन रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. गोल दाण्यांसारखे जंतू दिसले. काही साखळीने जोडलेले होते, तर काही द्राक्षांच्या घडासारखे गोळा झालेले.

ऑग्स्टन तेवढ्यावर थांबले नाहीत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडून 50 पौंडांचे अनुदान मिळवून त्यांनी चांगला सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरामागे छोटी प्रयोगशाळा थाटली. जंतू वाढवायला कोंबडीची अंडी वापरली. पू उंदरांना आणि गिनिपिगना टोचला, तेव्हा गळवे झाली. तोच पू तापवून किंवा कार्बोलिक घालून टोचला, तेव्हा काही झाले नाही. क्षयाच्या ‘थंड’ गळवांत मात्र हे दाणे दिसलेच नाहीत. 1880 च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा जर्मन मंडळींनी ते ऐकून घेतले. मायदेशात खुद्द लिस्टरलाही ते पटायला वेळ लागला. घडाने राहणाऱ्या जंतूंना ऑग्स्टननी 1882 मध्ये स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पाश्चरलाही गळवांच्या आणि सडलेल्या हाडाच्या पुवात असेच जंतू दिसले होते. पण तपशिलाने आणि चिकाटीने हा खटला चालवला तो अॅबर्डीनच्या या सर्जननेच.

1884 साल जंतुशास्त्रासाठी भरभराटीचे ठरले. ग्योटिंगेनच्या रोझेनबाखने हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला आणि त्याच्या वसाहतींना दोन रंग असल्याचे दाखवले, एक सोनेरी आणि एक पांढरा. सोनेरी तो ‘ऑरियस’, पांढरा तो ‘अल्बस’. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियान ग्राम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या चकत्या पाहत होता. जेन्शियन व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल असा क्रम लावला की काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात आणि काही सोडतात, असे त्याला आढळले. स्टॅफिलोकॉकस रंग धरून ठेवणाऱ्यांतला. आज कोणत्याही तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पुवाची स्लाइड पहिल्यांदा याच रंगातून जाते. पुढच्या वर्षी बाझेलच्या कार्ल गारे यांनी या जंतूचे शुद्ध कल्चर स्वतःच्या हाताच्या कातडीवर चोळले आणि मोठे करट ओढवून घेतले. असल्या प्रयोगाला आज कुठलीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

एवढे झाल्यावर वाटले की ओळख पटली: सोनेरी तो दोषी, पांढरा तो निर्दोष. पण रंग फसवा निघाला. तो कल्चरचे माध्यम, तापमान आणि दिवस यांप्रमाणे बदलतो. घातक जंतू कधी फिकट उगवतात, तर साधेही कधी पिवळसर दिसतात. 1928 मध्ये केलवे यांच्या टेबलावर जंतू आला, तेव्हा साडेचार दशकांनंतरही प्रयोगशाळेकडे खात्रीचा असा एकही झटपट निकष नव्हता.

म्हणून आयोगाने लांबचा, पण पक्का रस्ता धरला. वाचलेल्या मुलांच्या दंडावर, सुई टोचली तिथेच, पुढे गळवे झाली होती. त्यातला पू घेऊन कल्चर लावले, तर स्टॅफिलोकॉकसच उगवला आणि तो बाटलीतल्या जंतूशी जुळला. हा दुवा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आता जंतू केवळ बाटलीत नव्हता, मुलांच्या अंगातही होता. शिवाय तो कातडीवर न सापडता आत खोल, टोचलेल्या जागी सापडला होता. त्यानंतर प्रश्न उरला तो वेगाचा. गळू व्हायला दिवस लागतात, मग मुले काही तासांत कशी गेली?

हे काम फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या 28 वर्षांच्या संशोधकाकडे आले. तो नुकताच लंडनच्या लिस्टर संस्थेतून परतला होता. त्याने बंडाबर्गचा जंतू द्रव माध्यमात वाढवला, जंतू गाळून काढले आणि उरलेला निवळ द्रव सशांना टोचला. एकही जंतू नसलेल्या त्या द्रवाने ससे मेले. सशाच्या तांबड्या रक्तपेशी त्यात टाकल्या की त्या फुटत, आणि कातडीत टोचला की तिथली कातडी सडे. म्हणजे जंतू स्वतः विष तयार करून बाहेर सोडत होता. स्टॅफिलोकॉकसच्या विषाबद्दल युरोपात पूर्वीही लिहिले गेले होते, पण ते अडगळीत पडले होते. 1929 मध्ये बर्नेटने आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या विषयाला पुन्हा जीव आला. पुढे 1960 मध्ये त्याला नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्याच कामासाठी.

1928 च्या जूनमध्ये आयोगाचा अहवाल आला. सरकारी कारखान्याच्या विष-प्रतिविषाच्या मापात चूक नव्हती, पण पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीत जंतुनाशक नसणे ही घातक उणीव होती. ज्या औषधात जंतू वाढू शकतात, ते पुरेसे जंतुनाशक घातल्याशिवाय अनेकदा उघडायच्या बाटलीतून देऊ नये, अशी शिफारस आयोगाने केली. एका डॉक्टरला बळीचा बकरा करून मोकळे होणे सोपे होते, पण तसे झाले नाही.

मुंबईकरांना यावरून एक जुनी गोष्ट आठवायला हरकत नाही. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. लस परळच्या प्रयोगशाळेतली, वाल्देमार हाफकिन यांची. ते सगळे 19 जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, अशी साक्षही झाली. तरी ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पद सोडावे लागले, आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले, पण मधली वर्षे परत मिळाली नाहीत. मुल्कोवालची चौकशी आणि बंडाबर्गची चौकशी शेजारी ठेवून पाहिल्या, की जंतूचा माग शिस्तीने काढला की किती फरक पडतो, ते कळते.

1928 हे साल या जंतूचा पिच्छा सोडत नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले आणि बुरशी आलेली ती प्रसिद्ध बशी त्यांच्या नजरेस पडली. त्या बशीत स्टॅफिलोकॉकस का होता, हे सहसा कोणी सांगत नाही. एका मोठ्या जंतुशास्त्रीय ग्रंथासाठी फ्लेमिंग स्टॅफिलोकॉकसवरचे प्रकरण लिहीत होते, आणि त्याच्या वसाहती रंगरूप बदलतात, असे डब्लिनच्या संशोधकांनी नुकतेच प्रसिद्ध केले होते. ते खरे का, हे ते पडताळून पाहत होते. म्हणजे रंगावरून ओळखण्याचा जुनाच घोळ पेनिसिलिनच्या शोधाला निमित्त झाला.

रंगाच्या घोळातून सुटायची किल्ली तोवर पंचवीस वर्षे पडून होती. 1903 मध्ये लिओ लोएब यांना आढळले होते की, हंसाच्या रक्तातल्या द्रवात म्हणजे प्लाझ्मात हा जंतू टाकला तर तो द्रव गोठतो. जंतू ‘कोअॅग्युलेज’ नावाचे द्रव्य सोडतो. ते आपल्याच रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला हाताशी धरते आणि फायब्रिनोजेनपासून गुठळी बनवते. घातक स्टॅफिलोकॉकस ही गुठळी करतात आणि कातडीवरचे निरुपद्रवी सहसा करत नाहीत, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात हळूहळू पटत गेले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पुवाच्या नमुन्यांचा ढीग लागला, तेव्हा झटपट चाचणीची निकड भासली आणि 1943 मध्ये काचपट्टीवरची चाचणी आली. जंतूचा ठिपका प्लाझ्माच्या थेंबात कालवायचा. काही सेकंदांत दाणे जमले तर संशयित सापडला. पण ही चाचणी जंतूच्या अंगाला चिकटलेले दुसरेच प्रथिन पकडते, म्हणून शंका आली की परीक्षानळीतली चाचणी करायचीच.

नळीची चाचणी दिसायला पोरखेळ, पण तिच्यात खाचा आहेत. सशाच्या प्लाझ्मात जंतू घालून नळी 37 अंशांवर ठेवायची आणि चार तासांनी अलगद तिरकी करून पाहायची. नुसती रात्रभर ठेवून सकाळी पाहिली तर फसगत होते, कारण काही जंतू गुठळी करतात आणि मग स्वतःच ती विरघळवतात. नळी जोराने हलवली तरी नुकती धरलेली गुठळी मोडते. अनुभवी टेक्निशियनच्या हाताला ही सावधगिरी आपोआप लागलेली असते, नव्याला मात्र ती शिकवावीच लागते. त्याआधी थेंबभर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून फेस येतो का, हे पाहिलेले असते. फेस आला तर स्टॅफिलोकॉकस, नाही आला तर साखळीवाला स्ट्रेप्टोकॉकस. 1945 मध्ये जॉर्ज चॅपमन यांनी साडेसात टक्के मिठाचे माध्यम सुचवले. समुद्राच्या पाण्याच्या दुप्पट खारटपणात बहुतेक जंतू मान टाकतात, हा मात्र टिकतो. आणि मॅनिटॉल ही साखर आंबवणारा ऑरियस त्या गुलाबी माध्यमाला पिवळे करतो.

ओळखीच्या साधनांबरोबर जंतूही बदलत होता. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी ऑरियसचे नमुने वर्षामागून वर्ष तपासले. 1946 मध्ये त्यांतले 14 टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. 1947 मध्ये हे प्रमाण 38 टक्क्यांवर गेले आणि 1948 मध्ये 59 टक्क्यांवर. आता जंतूचे नाव सांगून भागेना, त्याचा स्वभावही सांगावा लागू लागला. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात तोच जंतू फिरतो आहे का, हे पाहण्यासाठी जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, वापरात आले. कोणता फाज कोणत्या जंतूला फोडतो, यावरून जंतूचा प्रकार ठरवता येई. सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी प्रसूतिगृहांत अर्भकांना होणाऱ्या संसर्गामागचा ‘80’ नावाचा प्रकार असाच उघडकीला आणला, आणि त्या साथीने पुढे अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांना छळले. 1961 मध्ये लंडनजवळच्या कॉलिंडेलच्या प्रयोगशाळेतून पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी कळवले की, बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेल्या मेथिसिलिन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारे जंतू सापडले आहेत. हाच आजचा एमआरएसए.

त्यानंतरची दशके उरकती घेतली तरी चालतील. 1975 मध्ये क्लूस आणि श्लाइफर या संशोधकांनी माणसाच्या अंगावरच्या स्टॅफिलोकॉकसच्या जातींची नीट मांडणी केली, तेव्हा ‘पांढरा’ म्हणून एका पोत्यात भरलेले जंतू वेगवेगळे निघाले. त्यांतला सॅप्रोफायटिकस तरुण स्त्रियांच्या लघवीच्या संसर्गात दिसतो आणि नोव्होबायोसिनच्या चकतीला दाद न दिल्यामुळे ओळखू येतो. 1988 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी लुग्डुनेन्सिस नावाची जात नोंदवली. नळीतल्या चाचणीत ती साळसूद ठरते, पण हृदयाच्या झडपा ऑरियसइतक्याच क्रूरपणे खाते. काचपट्टीवर मात्र ती अनेकदा दाणे जमवते आणि घाईतल्या तपासणीत ऑरियस म्हणून खपून जाते. आता मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत जंतूच्या प्रथिनांचे वजन घेऊन काही मिनिटांत जात सांगणारी यंत्रे आली आहेत. यंत्र नाव अचूक सांगते. तो जंतू रुग्णाच्या आजाराचा कर्ता आहे की सुई टोचताना कातडीवरून नमुन्यात आलेला उपरा, हे मात्र सांगू शकत नाही. ते अजूनही केलवे यांच्या आयोगाप्रमाणेच ठरवावे लागते: जंतू नेमका कुठून मिळाला, एकाच नमुन्यात मिळाला की दोन वेगळ्या नमुन्यांत, आणि रुग्णाच्या लक्षणांशी जुळतो का, हे पाहून.

म्हणून घरातल्या कोणाचे गळू चिरले किंवा तापासाठी रक्ताचे कल्चर पाठवले, तर दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना घेतला का? आणि रक्ताचे नमुने दोन वेगळ्या जागांवरून घेतले का? पुढे रिपोर्टात एकाच बाटलीत ‘कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस’ असे आले, तर तो बहुतेक वेळा कातडीवरचा असतो. घाबरून स्वतःच्या मनाने औषध सुरू करू नका. आणि ऑरियस आला असेल, तर एका दिवसाचीही दिरंगाई करू नका.